विमा कायद्याच्या कलम ४५ वर शोधनिबंध लिहिताय? आधी प्रपोजल फॉर्म वाचा

एलएलएमच्या मुलांना मी विमा कायदा शिकवते. निबंध छापायला पाठवायची वेळ आली की विषय हमखास येतो तो ‘भारतातील विमा कायदा: एक अभ्यास’. एवढा पसरट विषय घेऊ नका. प्रश्न एकच निवडा, तोही असा की ज्यावर निवाडेच दोन दिशांना ओढतात.

उदाहरणार्थ, आजार किंवा माहिती लपवली म्हणून नाकारलेला क्लेम. २०१५ मध्ये एलआयसीच्या एका प्रकरणात विमेदाराने मणक्याचं दुखणं सांगितलं नव्हतं, मृत्यू मात्र हृदयविकाराने झाला. सुप्रीम कोर्टाने क्लेम द्यायला लावला. २०१९ मध्ये रिलायन्स लाइफच्या प्रकरणात लपवली होती ती आधीची दुसरी आयुर्विमा पॉलिसी. तिचा मृत्यूशी काही संबंध नव्हता, तरी क्लेम नाकारणं योग्य ठरलं. या दोघांचा मेळ कसा घालायचा? एवढ्यावर अख्खा निबंध उभा राहतो.

दोन्ही निवाडे मुळातून वाचा. हेडनोटवर, म्हणजे निवाड्याच्या वर छापलेल्या सारांशावर, थांबू नका. कंपनीला पॉलिसी कधीपर्यंत आणि कोणत्या कारणाने नाकारता येते, ते कलम ४५ सांगतं. म्हणून पॉलिसी कधीची आणि कलम ४५ जुनं लागलं की नवं, हे आधी पाहा. जुन्या कलमात दोन वर्षं उलटल्यावरही जाणूनबुजून केलेली फसवणूक सिद्ध करून कंपनीला पॉलिसी नाकारता यायची. २०१५च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षं झाली की कुठल्याच कारणाने नाही. जुन्या कलमावरचा निवाडा नव्याला सरसकट जोडलेला दिसला की मी निबंध तिथेच परत देते.

मग प्रपोजल फॉर्म, म्हणजे पॉलिसी घेताना भरायचा अर्ज, हातात घ्या. ‘गेल्या पाच वर्षांत आठवड्याहून अधिक उपचार लागलेला आजार?’ प्रश्न इंग्रजीत, ‘नो’ एजंटच्या अक्षरात, खाली विमेदाराची मराठीत सही. मजकूर त्याला समजावून सांगितला, असं निवेदन त्याच फॉर्मवर असतं. ते कोणी भरलं, त्यावर सही कोणाची? ‘लपवलं’ म्हणायचं की नाही, हे मला तरी इथे ठरताना दिसतं, आणि निबंधांत याच कागदाकडे सर्वांत कमी लक्ष जातं.

पाठवताना एका वेळी एकच नियतकालिक. तळटीपा त्यांच्याच पद्धतीने द्या. परीक्षण निनावी असेल तर फाइलच्या प्रॉपर्टीजमधूनही नाव काढा. यूजीसीने केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे पारख आता तुम्हालाच करायची आहे. मागचे दोन अंक वाचा, आणि पैसे भरले की आठवड्यात छापून देणाऱ्यांकडे फिरकू नका.