झबल्याची उलटी बाजू

माझ्या भाच्यासाठी पहिलं झबलं शिवलं तेव्हा मी नुकतीच भरतकामाचे नमुने काढून द्यायचं काम सुरू केलं होतं. मे महिना होता. झबल्याच्या छातीवर साटीन टाक्यात, म्हणजे जागा पूर्ण झाकणाऱ्या भरीव टाक्यात भरलेला हत्ती केला होता, सहाच्या सहा पदरी धाग्यात. समोरून बघणाऱ्याची नजर हटत नव्हती. ठाण्यात चरईतल्या आमच्या घरी बाळाला ते घातलं आणि अर्ध्या तासात ते किरकिरायला लागलं. आजीने झबलं काढलं तर छातीवर हत्तीच्या आकाराची लाली उठलेली. तिने झबलं उलटं करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "लोकांनी बघायची बाजू केलीस, बाळाची बाजू राहिली."

तेव्हापासून उन्हाळ्यातलं कुठलंही काम मी मागच्या बाजूने आखते. ठाण्याचा एप्रिल-मे म्हणजे अंगाला चिकटणारा घाम. या दिवसांत कपड्याची मागची बाजू सतत कातडीला लागून असते. गाठी, लोंबणारी टोकं, भरीव टाक्यांचा जाड थर हे सगळं थंडीत चालून जातं, उन्हाळ्यात टोचतं. म्हणून इथे दोन कामं सांगते, एका मीटर मलमलीत होणारी: पन्ह्याच्या भांड्यावर झाकायचा रुमाल आणि तीन ते सहा महिन्यांच्या बाळाचं झबलं. आधी रुमाल करा. त्यात हात बसतो, मग झबल्याला हात घाला.

कापड

जांभळी नाक्याच्या बाजारात मलमल मिळते. मोठी निवड हवी असेल तर सकाळची लोकल पकडून सीएसएमटी गाठायचं आणि तिथून चालत मंगलदास मार्केट. दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणाला तरी कडेचे दोन-चार धागे मागून घ्या आणि घरी जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचा येतो आणि बोटांत चुरली जाणारी राख उरते. पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. असं कापड घाम शोषत नाही, ते या कामाला नको.

४४ इंच रुंदीचं एक मीटर पुरतं. कापड सरळ कात्रीने कापून देण्याऐवजी फाडून द्यायला सांगा. फाडलेली कड आडव्या धाग्यावरून जाते, त्यामुळे रुमाल तिरका होत नाही. घरी आणल्यावर रात्रभर पाण्यात भिजवा, खळ निघू द्या, धुवून वाळवा आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा. धुतल्याशिवाय कात्री लावायची नाही. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि भरतकाम झाल्यावर आटलं तर टाक्यांभोवती चुण्या पडतात. त्या कुठल्याही इस्त्रीने जात नाहीत.

धागा भरतकामाच्या लडीचा, सहा पदरी. मलमलीला दोनच पदर लागतात, बारीक रेघेला एक. पदर एकेक करून ओढून काढायचे, दोन एकदम ओढले की गुंता होतो. लांबी कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, म्हणजे आपला जुना एक हात, साधारण ४५ सेंटिमीटर. त्याहून लांब धागा घेतला तर कापडातून जाऊन जाऊन तो शेवटी विसविशीत होतो. लाल, मरून, गडद निळा वापरणार असाल तर आधी रंगाची परीक्षा घ्या: ओला धागा पांढऱ्या चिंधीत गुंडाळून वरून गरम इस्त्री दाबा. चिंधीवर डाग उमटला तर तो धागा बाजूला ठेवा.

हातसुई ९ किंवा १० नंबरची. नंबर वाढतो तशी हातसुई बारीक होते, मशीनच्या सुईचं बरोबर उलटं. घामाच्या हाताने सुई अडखळते, म्हणून शेजारी ओला नॅपकिन आणि थोडी पावडर ठेवा. आणि रात्री सुई कापडात टोचून ठेवू नका. आपल्याकडच्या दमट हवेत सकाळपर्यंत गंजाचा ठिपका उमटू शकतो, आणि पांढऱ्या मलमलीवरचा गंज निघता निघत नाही. कापड ताणून धरणारी लाकडी रिंगही उठताना दरवेळी काढायची. आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळली की मलमल घसरत नाही आणि वळही कमी पडतो.

चैत्रांगणाचा रुमाल

नमुना शोधत बसायची गरज नाही, तो आपल्या अंगणात आहे. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर पाळण्यात बसते आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत राहते. त्या महिन्यात दारापुढे जे चैत्रांगण काढतात त्यात शंख, चक्र, कासव, गोपद्म, सूर्य-चंद्र, तुळशीवृंदावन, कैरी, पाळणा, फणी-करंडा असं सगळं असतं. आणि ते सगळं रेघेचं असतं, चिमटीतून सुटणाऱ्या एका धारेचं. मला उन्हाळ्याच्या भरतकामाला याहून चांगला नमुना माहीत नाही. रेघ कापड झाकत नाही, हवा खेळती राहते.

५० सेंटिमीटरचा चौकोन घ्या. पाण्याने जाणाऱ्या पेनाने चार कोपऱ्यांत चार चिन्हं काढा, प्रत्येक सहा-सात सेंटिमीटरचं. मध्यभाग मोकळा ठेवा. या पेनाच्या रेघांवर इस्त्री फिरवायची नाही, उष्णतेने शाई पक्की होते. काम झालं की आधी गार पाण्यात बुडवून रेघ घालवायची, मग इस्त्री.

टाका एकच, दुहेरी धावदोरा. धारवाडकडच्या कसुतीत याला गवंती म्हणतात. इरकल लुगड्यांवर बायका हे काम गाठ न मारता करत आल्या आहेत, आणि ते दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं. रुमालाला हेच हवं, कारण भांडं उघडताना रुमाल उलटा होतोच.

कासव घेऊन सांगते. सुरुवातीला गाठ नको. दोन पदर हवेत म्हणून एकच पदर दुप्पट लांबीचा घ्या, मधोमध दुमडा, दोन्ही मोकळी टोकं एकत्र सुईत ओवा. धाग्याच्या दुसऱ्या टोकाला आपोआप फास तयार होतो. पाठीच्या रेघेवर पहिला टाका घेऊन सुई मागे गेली की त्या फासातून काढा आणि हलकेच ओढा. धागा बसला, गाठ नाही.

आता पाठीच्या गोलावरून धावदोरा घालत चला. टाका तीन मिलिमीटर, मधली जागाही तेवढीच. पायाशी आलात की तसेच पायाच्या रेघेवर वळा, टोकापर्यंत जा आणि तिथून रिकाम्या जागा भरत परत पाठीवर या. मग पुढचा पाय. मान आणि शेपूटही अशीच जाऊन-येऊन. गोल पूर्ण होऊन सुरुवातीच्या टाक्याशी पोचलात की उलट फिरा आणि राहिलेल्या जागा भरत मागे या. परतीच्या वाटेवर एक बारकावा आहे. टाका सुरू करताना सुई आधीच्या टाक्याच्या अगदी किंचित वरच्या अंगाने बाहेर काढायची आणि संपवताना पुढच्या टाक्याच्या किंचित खालच्या अंगाने आत घालायची. भोक तेच, फक्त धाग्याची बाजू वेगळी. दरवेळी हाच क्रम ठेवला की रेघ सलग दिसते. क्रम चुकला की ती नागमोडी होते. माझ्याकडे मे महिन्यात शिकायला येणाऱ्या मुलींना पहिले दोन दिवस मी एवढंच करायला लावते, आणि तिसऱ्या दिवशी त्यांची त्यांना चूक दिसायला लागते.

धागा संपला की मागच्या चार-पाच टाक्यांखालून सुई सरकवा आणि टोक जवळून कापा. एका चिन्हावरून दुसऱ्यावर धागा मागून ओढत नेऊ नका. मलमल पारदर्शक आहे, मागचा धागा पुढून सावलीसारखा दिसतो.

कडा दोनदा बारीक दुमडून हाताने हेमिंग करा. कोपऱ्यांना आणि कडांच्या मध्यावर एकेक काचेचा मणी पक्का ओवा. त्याच्या वजनाने पंख्याच्या वाऱ्यात रुमाल उडत नाही. हळदीकुंकवात त्यावर हळद सांडली तर घाबरू नका. साबण लागला की डाग लाल होतो, पण तो लालपणा तात्पुरता असतो. धुवून कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हाने विटत जातो, दोन-तीन उन्हांत बराचसा निघून जातो.

झबलं

आजीच्या त्या वाक्यानंतर मी प्रत्येक टाका उलटा करून तपासला. साटीन टाक्यात जेवढा धागा पुढे तेवढाच मागे, म्हणून तो झबल्यातून बाद. साखळी टाका पुढून जाड दिसतो, पण मागे फक्त साध्या टिपेसारखी बारीक रेघ पडते. दांडी टाक्याचंही, म्हणजे पुढून पिळलेल्या दोरीसारख्या दिसणाऱ्या टाक्याचंही, तसंच. लेझी डेझीची पाकळी पुढे फुललेली, मागे फक्त एक बारीक रेघ. लखनवी कामात मलमलीच्या मागून हेरिंगबोन, म्हणजे एकमेकांना छेदणारे तिरके टाके घालतात, त्याची सावली पुढून फार सुंदर दिसते, पण मागे जाळीसारखे मोकळे धागे राहतात आणि बाळाची बोटं त्यात अडकतात. तो ओढणीवर करा. झबल्याला साखळी, दांडी, लेझी डेझी आणि धावदोरा एवढे पुरे.

रुमालातून उरलेल्या कापडावर ७० बाय ४६ सेंटिमीटरचा आयत धागा धरून आखा. लांबी खांद्याच्या घडीवर दुमडली की ३५ बाय ४६, आणि पुन्हा मधोमध उभी घडी घातली की ३५ बाय २३. या चौपदरी घडीवर मापं टाका: छातीची रुंदी १४.५, बाहीची खोली ११.५, गळ्याची रुंदी ५.५ सेंटिमीटर. मागचा गळा दीड आणि पुढचा पाच सेंटिमीटर खोल. काखेत काटकोन ठेवू नका, वाटीच्या कडेने गोलाई काढा. काटकोनात शिवण गोळा होते आणि बाळाची सर्वांत मऊ जागा नेमकी तिथे असते.

लगेच कापायचं नाही. आखलेल्या रेघेवर कच्चा धावदोरा घाला, घडी उलगडा, आणि आधी भरतकाम करा, म्हणजे रिंगला भोवती कापड मिळतं. नक्षी खालच्या घेराला, कडेपासून चार सेंटिमीटर वर: एका ओळीत सहा-सात कैऱ्या, बाहेरची रेघ दांडी टाक्याची, आत लेझी डेझीचं एक पान. छातीवर काही नको, पाठीवर तर अजिबात नको. या वयाचं बाळ बहुतेक वेळ पाठीवरच असतं.

मग कापा. पुढच्या थराला वरून खालपर्यंत मधोमध उघडं करा. बाजूच्या शिवणीला फ्रेंच सीम घाला: आधी उलट्या बाजू आत ठेवून कडेपासून पाच मिलिमीटरवर टीप मारा, कड तीन मिलिमीटरवर छाटा, काखेच्या गोलाईत छोटे काप द्या, कापड उलटवून इस्त्री करा आणि आता सुलट्या बाजू आत ठेवून सात मिलिमीटरवर दुसरी टीप. कापडाची सगळी कापलेली कड आत बंद होते, एकही दोरा बाहेर राहत नाही.

मशीनला ९ किंवा ११ नंबरची सुई, टाका दोन मिलिमीटर. मलमल सुरुवातीलाच सुईखाली ओढली जाते. त्यासाठी दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरा आणि कापडाखाली पातळ कागदाची पट्टी ठेवून टीप मारा, नंतर कागद फाडून काढा. पायमशीन असेल तर उत्तम, वेग आपल्या पायात राहतो आणि भर दुपारी वीज गेली तरी काम थांबत नाही.

गळा आणि पुढची उघडी कड यांना तीन सेंटिमीटरची उरेब पट्टी लावा. ती उरलेल्या तुकड्यातून तिरकी कापा, सरळ कापलेली पट्टी गळ्याच्या वळणावर बसत नाही. बाह्या आणि घेर हाताने हेम करा. बटणं लावू नका, तुटलं तर बाळाच्या तोंडात जातं. त्याऐवजी बाराबंदीला असतात तसे कापडाचे बंद, छातीशी एक जोडी आणि पोटाशी एक. प्रत्येक बंद बारा-पंधरा सेंटिमीटर, त्याहून लांब नको, आणि गळ्याशी तर बांधूच नका. जोड मात्र दोनदा टाका घालून पक्का करा.

तयार झालं की झबलं तीनदा साध्या पाण्याने धुवून उन्हात वाळवा. मग उलटं करून आपल्या गालावर आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवा. बोटांना जे कळत नाही ते गालाला कळतं. कुठे खरखरलं तर ते टोक शोधा, टाक्याखाली परत सरकवा. आजी तर पहिले काही दिवस नवं झबलं बाळाला उलटंच घालायची, शिवणी बाहेर. फ्रेंच सीममुळे आता तेवढी गरज पडत नाही.

बारशाला झबलं द्यायचं असेल तर मी त्याची घडी उलटी घालते. उघडणारीला आधी मागची बाजू दिसते, ती हात फिरवून बघते, आणि मग सुलट करते.