एअर फ्रायरमधले वेफर्स: कडा काळ्या, मधे चामट

एअर फ्रायरमध्ये वेफर्स केले की कडा करपायच्या आणि मधला भाग चामट राहायचा. तापमान कमी-जास्त करून काही फरक पडेना. दोष निघाला बटाट्यात. फ्रिजच्या गारठ्यात राहिलेल्या बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते आणि काप कुरकुरीत व्हायच्या आधीच ती काळी पडते. वेफर्सवाले चिपसोनासारखी कमी साखरेची जात घेतात ती याचसाठी. ती मिळाली तर उत्तमच, नाहीतर निदान फ्रिजबाहेरचा बटाटा घ्या.

काप दीड मिलिमीटरचे, सगळे सारखे. पाणी नितळ येईपर्यंत धुवायचे, मग अर्धा तास गार पाण्यात. नंतर सुती पंचावर पसरून वरून दुसऱ्या पंचाने टिपायचे. इथे घाई नको. ओला काप भाजण्याऐवजी वाफवला जातो. 2 बटाट्यांना चमचाभर तेल, हाताने चोळून.

160 अंशांवर साधारण 15-18 मिनिटं, अधूनमधून हलवत. काप हलके झाले की पंख्याच्या वाऱ्याने उडून वरच्या कॉइलला लागतात. (धूर तिथूनच येतो.) वर स्टीलची जाळी ठेवली की प्रश्न मिटला. जे झाले ते आधी काढा.

मसाला मात्र बाहेर काढल्यावर, गरम असतानाच. तिखट आधी लावलं तर जळून कडू होतं. मीठ, आमचूर, वाळलेला पुदिना मिक्सरमधून अगदी पीठ करून घ्यायचा. जाडं मीठ चिकटत नाही, डब्याच्या तळाशी जातं. आमच्याकडे खप सुक्या लसूण-खोबऱ्याच्या चटणीचा, पण ती तेलकट, म्हणून खायच्या वेळीच भुरभुरते.