फराळाच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर घेताना ग्राहकाशी कसं बोलावं

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस घरगुती फराळ करणाऱ्यांच्या हाताला उसंत नसते. एकीकडे कढई तापलेली, दुसरीकडे फोन वाजतोय, आणि नेमकं तेव्हाच एखादं तुटक उत्तर जातं. म्हणून बोलण्याची तयारी भाजणी दळून आणायच्या आधीच करून ठेवा.

धंद्याचा नंबर वेगळा ठेवा आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस हे धंद्यासाठीचं वेगळं ॲप घ्या. ते मोफत आहे. त्यातल्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे मालाच्या यादीत, प्रत्येक पदार्थ वजन आणि भावासकट टाका. 'चकली काय भाव?' असं विचारणाऱ्याला आकडा हवा असतो. 'कळवते', 'बघू' असं उत्तर आलं की तो दुसरीकडे विचारायला मोकळा. भाव, घरपोच पोचवण्याचा खर्च, ऑर्डरची शेवटची तारीख ही रोजची उत्तरं 'क्विक रिप्लाय'मध्ये साठवा. तिरकी रेघ (/) टाइप केली की ती समोर येतात. पाठवण्याआधी ग्राहकाचं नाव मात्र हातानं घाला.

ऑर्डर फोनवर येवो वा व्हॉइस नोटवर, ती लिहूनच पक्की करायची. व्हॉइस नोटमधलं 'दीड किलो' नंतर शोधायचं तर सगळं पुन्हा ऐकावं लागतं. मेसेज असा असावा:

'चकली १ किलो ६०० रुपये, बेसन लाडू अर्धा किलो ३५० रुपये. एकूण ९५०, आगाऊ ४७५. डबा गुरुवारी संध्याकाळी ५ ते ७ मध्ये घरून न्यायचा. बरोबर असेल तर "हो" लिहा.'

त्या एका 'हो'मुळे पुढचे बरेच वाद मिटतात. यात चूक दिसली तर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो. पण ग्राहकानं 'हो' लिहिल्यावर जुन्या मेसेजला हात लावू नका, दुरुस्ती नव्या मेसेजमध्ये कळवा.

पैशांच्या बाबतीत स्क्रीनशॉटवर विसंबू नका, आपलं बँक खातं पाहा. रक्कम दिसत नसेल तर 'तुम्ही पैसे पाठवलेच नाहीत' हे वाक्य टाळा, व्यवहार मध्येच अडकलेला असू शकतो. 'रक्कम अजून खात्यात दिसत नाही. १२ आकडी यूटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक) पाठवाल का?' एवढं पुरतं. घासाघीस करणाऱ्याला तेलाच्या महागाईचं पुराण ऐकवण्यात अर्थ नाही. 'भाव ठरलेला आहे. ५ किलोच्या वर घेतलंत तर घरपोच मोफत देऊ' असं सांगून थांबा. ताई, काका, दादा म्हणणं आपल्याकडे शोभतंच, फक्त अनोळखी माणसाला 'तुम्ही' सोडून 'तू'वर कधी येऊ नका.

खरी कसोटी तक्रारीत लागते. 'चकल्या मऊ पडल्यात' हा मेसेज वाचून रागावला असाल तर दहा मिनिटं फोन बाजूला ठेवा. उत्तर मात्र त्याच दिवशी गेलं पाहिजे. 'बाकी कुणाची तक्रार नाही' आणि 'तुम्हीच डबा उघडा ठेवला असेल' ही दोन वाक्यं ग्राहक कायमचा तोडतात, कारण दोन्हींचा अर्थ 'तुम्ही खोटं बोलताय' असाच होतो. आधी विचारा: डबा कधी उघडला, आतल्या बाजूला ओल दिसते का, एक फोटो पाठवाल का. मग आपल्याकडचं तपासा. चकल्या कोमट असताना भरल्या की आतली वाफ बसून त्या मऊ पडतात. मोठ्या आचेवर तळल्या तर वरून रंग येतो आणि आतून कच्च्या राहतात. चूक आपली निघाली तर सरळ लिहा: 'डबा भरण्याची घाई झाली, चूक आमची. उद्या दुपारपर्यंत नवीन अर्धा किलो पोचवतो, की पैसे परत करू?' निवड ग्राहकाला करू द्या. 'काही गैरसोय झाली असल्यास क्षमस्व' असली सरकारी भाषा इथे उपयोगाची नाही. काय झालं आणि काय करणार, हे सांगा.

गूगलवरच्या वाईट अभिप्रायाला तीन-चार ओळीतच उत्तर द्या. ते उत्तर पुढचे ग्राहकही वाचणार असतात. त्यात तक्रारदाराचा पत्ता, फोन, बिलाचा तपशील घालू नका. व्यवसायमालकाला अभिप्राय काढून टाकता येत नाही. खोटा वाटला तर गूगलकडे नोंदवता येतो. सवलत देऊन पाच तारे मागणं गूगलच्या नियमात बसत नाही.

आणि सगळ्या ग्राहकांचा एक ग्रुप करू नका, प्रत्येकाचा नंबर बाकीच्यांना दिसतो. त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा, तिच्यातून एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो, म्हणून डबा देतानाच नंबर सेव्ह करायला सांगा. 'नको' म्हणणाऱ्याचं नाव त्याच दिवशी काढा. लक्ष्मीपूजनाला काम बंद ठेवणार असाल तर 'अवे मेसेज' (आपण नसताना आपोआप जाणारं उत्तर) आदल्या रात्री लावा आणि त्यात पुन्हा कधी उत्तर मिळेल, तो दिवस आणि वेळ लिहा.