मॉन्स्टेराला वावरातली माती नको! या चुका टाळा

एप्रिल उजाडला की शेजारचं कुणी ना कुणी मॉन्स्टेराची, म्हणजे त्या मोठ्या भोकाभोकांच्या पानांच्या शोभेच्या वेलाची, कुंडीच उचलून माझ्या दारात येतं. पानं पिवळी, खोड मऊ आणि तक्रार ठरलेली: "रोज पाणी देऊन राहिली, तरी काहून वाळून राहिलं?" अहो ताई, रोज देता म्हणूनच.

हसायचा हक्क मला नाही म्हणा. पहिल्या मॉन्स्टेरासाठी मीच मामांच्या वावरातून पोतंभर काळी माती आणली होती. कापूस फोफावतो, मग हा का नाही? दक्षिण मेक्सिको ते पनामाच्या जंगलात हा वेल झाडांवर चढतो. त्याच्या मुळांना पालापाचोळा आणि हवा लागते. मी त्याला चिखलात गाडलं. मे महिन्यात माती वरून भेगाळायची, मी तांब्याभर ओतायचो, पाणी कडेच्या भेगेतून थेट बशीत. पानांनी मान टाकली की आणखी तांब्या. एक दिवस खोड धरून उचललं तर ते नुसतंच वर आलं. खाली काळी मुळं. चिमटीत धरली की साल निसटायची, आत दोरा उरायचा. वास नालीचा.

आता मी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कुजलेलं शेणखत आणि विटांचे बारीक तुकडे साधारण सारखेच घेतो. बोट दोन पेरं आत घालायचं; ओल लागली तर तांब्या खाली ठेवायचा. बशीतलं पाणी लगेच फेकायचं. मूळ सडलंच तर खोडावरची गाठ, तिच्यातून बाहेर निघालेल्या हवाई मुळासकट, कापून पाण्याच्या बाटलीत ठेवा. नुसतं पान खोचून रोप होत नाही, व्हिडिओत काहीही दाखवू द्या.

कूलरच्या तोंडासमोर कुंडी नको, कडा करपतात. बाजूला मात्र जरूर ठेवा, खोलीतली ओल त्याला मानवते. पण कूलर चालू असताना माती उशिरा सुकते, हे कुणी लक्षातच घेत नाही.

पश्चिमेच्या खिडकीतलं चारचं ऊन नको. पानांना तेल, दूध काही चोळू नका, ओलं फडकं पुरे. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा कुंडी आत घ्या, पाणी कमी करा. लहान मुलं, मांजर यांच्यापासून लांब. पान चावलं तर तोंडाची आग होते.

आणि भोकं! कोवळ्या रोपाची पानं अखंडच असतात. आधाराला काठी द्या, उजेड द्या, खताचा मारा नको. परवा एकानं विचारलं, "लावून पंधरा दिवस झाले, भोकाचं पान कधी येईल?"

म्हटलं, "पावसाळा तर लागू द्या जी!"