दिव्यांगत्वाचे मूल्यमापन घरी होणार असेल तर या चुका टाळा

साहाय्यासाठी अर्ज केल्यानंतर मूल्यमापन करणारी व्यक्ती घरी येणार असल्याचे कळले की बहुतेक घरांत सर्वांत आधी आवराआवर सुरू होते. आमच्याकडेही तेच झाले. अर्धांगवायूने वडिलांचा उजवा हात जवळजवळ निकामी झाला होता. आदल्या संध्याकाळी आम्ही पलंगाशेजारची कमोडची खुर्ची आतल्या खोलीत नेली, चादरीखालचे मेणकापड काढले आणि सकाळी वडिलांची दाढी करून त्यांना इस्त्रीचा सदरा घातला. सदऱ्याची बटणे मी लावली होती. ‘कपडे स्वतः घालता का?’ असे विचारल्यावर वडील म्हणाले, ‘हो, घालतो की,’ आणि आम्ही सगळे गप्प बसलो. अहवालात तेच उतरले.

घरी येणारी व्यक्ती पाहुणी नसते. रोजचे जगणे जसे चालते तसे पाहण्यासाठी ती येते, त्यामुळे भिंतीला धरून चालण्याची सवय, न्हाणीघरातले स्टूल, हाताशी ठेवलेली गोळ्यांची डबी, उशाजवळची घंटी या सगळ्या गोष्टी तिथे पुराव्याचेच काम करतात. घर स्वच्छ असायला काहीच हरकत नाही, पण रोज लागणारी वस्तू त्या दिवशी नजरेआड करू नये.

दुसरा घात करतो तो ‘जमते’ हा एक शब्द. आयुष्यभर कष्ट केलेल्या माणसाला आपल्याला अमुक होत नाही असे परक्यासमोर सांगणे फार जड जाते, आणि त्यात त्याचा दोष काहीच नाही. पण ऐकणाऱ्याला या शब्दामागचे काहीच कळत नाही. फ्लॉरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेली आणि आजही वापरात असलेली मोजपट्टी जेवण, अंघोळ, कपडे, जिना अशा दहा कामांना मिळून शून्य ते शंभर गुण देते. ती वापरण्याचा संकेत असा आहे की माणूस काय करू शकेल हे न नोंदवता तो प्रत्यक्षात काय करतो ते नोंदवावे, आणि पडू नये म्हणून कोणी नुसते शेजारी उभे राहावे लागत असेल तरी त्याला पूर्ण स्वावलंबी धरू नये. प्रत्येक ठिकाणचे निकष वेगळे असतात आणि आपल्याला लागू असलेले आधी वाचायलाच हवेत, तरी उत्तर देताना ही दृष्टी सगळीकडे उपयोगी पडते. ‘अंघोळ करतो’ असे म्हणून थांबण्याऐवजी ‘स्टुलावर बसून करतो, पाठ आणि पाय मुलगा धुतो, दार आतून लावत नाही आणि नंतर अर्धा तास पडून राहावे लागते’ असे सांगितले की काम कसे होते, कोणाची मदत लागते, त्यात धोका काय आणि नंतर काय होते, हे सगळे एकाच वाक्यात येते.

संधिवात, अपस्मार, मानसिक आजार यांत दिवस सारखे नसतात. नेमका भेटीचा दिवस बरा निघाला तर त्या एका दिवसावरून सगळे ठरण्याची भीती असते. जागतिक आरोग्य संघटनेची कार्यक्षमतेची प्रश्नावलीसुद्धा मागच्या ३० दिवसांबद्दल विचारते, हे ध्यानात घेऊन निदान दोन-तीन आठवडे आधीपासून साध्या वहीत रोज दोन ओळी लिहाव्यात. झोप किती लागली, कितीदा तोल गेला, कोणते काम अर्धवट सोडले, हे तारखेसह लिहिलेले असले की भेटीच्या वेळी स्मरणशक्तीवर भार पडत नाही. वाईट दिवस मात्र रोजचा म्हणून सांगू नये. एक विधान दुसऱ्याशी जुळले नाही की खऱ्या त्रासावरचाही विश्वास उडतो.

घरच्यांची चूक वेगळी असते. अर्जदाराला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ते पटकन देऊन टाकतात किंवा आमच्यासारखे लाजेने मुके होतात. आधी त्याला बोलू द्यावे आणि मग राहिलेले किंवा चुकलेले शांतपणे जोडावे. त्याच्यासमोर बोलणे अवघड वाटत असेल तर ते आधीच लिहून त्याच्या संमतीने कागद द्यावा.

कागदपत्रांबाबत थोडक्यात सांगायचे तर मूळ प्रती स्वतःजवळ ठेवून छायाप्रती द्याव्यात. निदानाच्या नावांची चळत पुरेशी नसते, त्या आजाराने कोणती कामे अडतात हे डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टने लिहून दिलेले एक पान अधिक मोलाचे ठरते.

भेटीच्या दिवशी नेहमीची औषधे टाळू नयेत. दुखेल अशी हालचाल करून दाखवायला सांगितली तर ती दुखते म्हणून थांबावे आणि तसे स्पष्ट सांगावे. आलेल्या व्यक्तीचे ओळखपत्र दारातच पाहावे. प्रकृती फारच बिघडली असेल तर रेटून नेण्यापेक्षा आधी कळवून दुसरी तारीख मागावी.

अहवाल हातात आला की त्याची प्रत जपून ठेवावी आणि फेरविचार मागण्याची मुदत त्याच दिवशी पाहावी. ‘अन्याय झाला’ एवढेच लिहून भागत नाही. कोणते वाक्य चुकीचे आहे, प्रत्यक्षात काय घडते आणि त्याला आधार काय, असे मुद्द्याला मुद्दा लावून लिहावे लागते. आम्ही वहीची पाने जोडून तसे लिहिले. दुसऱ्या भेटीला कमोडची खुर्ची जागच्या जागी होती आणि वडिलांनी डाव्या हाताने सदऱ्याची बटणे लावून दाखवली. चार बटणांना नऊ मिनिटे लागली, पाचवे मी लावले, आणि या वेळी अहवालात ती नऊ मिनिटेही आली आणि माझा हातही.