लष्करी पिस्तुलांचा अभ्यास : आधी मागणीपत्र वाचा, मग यंत्रणा पाहा

लष्करी शस्त्रांच्या इतिहासाकडे वळणारे बरेच विद्यार्थी सुरुवात पिस्तुलापासून करतात. वस्तू लहान असते, तिच्याविषयी छापील मजकूर मुबलक मिळतो आणि यंत्रणाही एका बैठकीत समजून घेता येते. संग्रहालयांतील शस्त्रांच्या नोंदी करण्याच्या कामातून मी या विषयात आलो आणि तेव्हापासून माझे एक मत पक्के होत गेले आहे. केवळ यंत्रणेपासून सुरुवात करणाऱ्याला हा विषय अर्धाच कळतो. सैन्याने ते पिस्तूल कोणासाठी मागवले, मागणीपत्रात कोणत्या अटी घातल्या आणि त्या अटींमागे कोणता अनुभव होता, हे आधी वाचले तर पिस्तुलाचा प्रत्येक खटका आपोआप बोलू लागतो.

पायदळाच्या सैनिकाचे मुख्य शस्त्र रायफल असते. पिस्तूल मिळते ते प्रामुख्याने ज्यांचे हात दुसऱ्या कामात गुंतलेले असतात त्यांना : रणगाड्यातील दल, वैमानिक, लष्करी पोलीस, अधिकारी. वैद्यकीय पथकांनाही स्वतःच्या आणि जखमींच्या संरक्षणापुरते शस्त्र बाळगण्याची मुभा जिनिव्हा कराराने दिलेली आहे. त्यामुळे लष्करी पिस्तुलाचे आयुष्य बव्हंशी कमरेला लटकण्यात जाते, आणि याची खूण शस्त्रावरच दिसते. जुने पिस्तूल टेबलावर घेऊन नीट पाहिले, तर नळीच्या तोंडाजवळ आणि स्लाइडच्या (नळीवर पुढे-मागे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या) कडांवर काळपट मुलामा उडून पांढरे लोखंड उघडे पडलेले असते, कारण होल्स्टरच्या चामड्याशी तो भाग वर्षानुवर्षे घासलेला असतो. त्याच पिस्तुलाच्या नळीत दिवा धरून पाहावे, तर आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नागमोडी खाचा, अनेकदा धारदार आणि स्वच्छ दिसतात. ते पुष्कळ वागवले गेले, पण फारसे चालवले गेले नाही. म्हणूनच मागणीपत्रांत वजन, सुरक्षितता आणि साठवण यांना नेम साधण्याइतकेच महत्त्व दिलेले आढळते.

इथे हाताळणीविषयी आग्रहाने सांगतो. संग्रहालयातील शस्त्र शंभर वर्षांचे असो वा निकामी केल्याचा शिक्का त्याच्यावर असो, हातात येताच तपासणी झालीच पाहिजे. बोट चापापासून दूर आणि नळी मोकळ्या दिशेला ठेवून आधी मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) काढावे, मग स्लाइड मागे ओढून अडकवावी आणि चेंबर (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते ती जागा) डोळ्यांनी व बोटानेही पाहावे. हा क्रम उलटा करता येत नाही. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढून सोडली तर चेंबरमधले काडतूस बाहेर पडते खरे, पण मॅगझिनमधले दुसरे लगेच तिथे जाऊन बसते.

मागणीपत्र वाचण्याचा सराव करायचा असेल तर अमेरिकेच्या एम १९११ या पिस्तुलापासून सुरुवात करावी, असे मी सुचवीन. फिलिपाइन्समधील लढायांत .३८ कॅलिबरची (कॅलिबर म्हणजे नळीच्या व्यासाचे माप, इथे इंचात) रिव्हॉल्व्हर चालून येणाऱ्या माणसाला थोपवू शकत नाहीत, अशा तक्रारी आल्या. त्यातून १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी चाचण्या घेतल्या आणि लष्करी हातशस्त्राचे कॅलिबर .४५ पेक्षा कमी नसावे, अशी शिफारस केली. पुढची काही वर्षे वेगवेगळ्या नमुन्यांच्या परीक्षा चालल्या. अखेरच्या टप्प्यात जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले कोल्टचे पिस्तूल ६००० गोळ्यांच्या चाचणीत न अडता चालले आणि मार्च १९११ मध्ये ते स्वीकारले गेले. ही हकिगत सगळीकडे सापडते. अभ्यासकाने थांबावे ते एका बारीक गोष्टीपाशी : १९१० च्या नमुन्यावर अंगठ्याने लावायची सेफ्टी, म्हणजे चाप ओढला तरी गोळी सुटू नये यासाठीचा खटका, नव्हती. ती घोडदळाच्या सांगण्यावरून बसवली गेली, कारण स्वाराच्या एका हातात लगाम असतो आणि भरलेले पिस्तूल त्याला दुसऱ्या एकाच हाताने सुरक्षित करता आले पाहिजे. मुठीच्या तळाशी दोरी अडकवण्याची कडी असते, तीही अशाच गरजेतून आलेली. पुढे घोडे गेले, रणगाडे आले. तो खटका मात्र अमेरिकी सैन्याने १९८५ मध्ये हे पिस्तूल बदलायला घेईपर्यंत जागच्या जागी राहिला.

पहिल्या महायुद्धानंतर याच पिस्तुलात झालेले बदलही असेच वाचावेत. चाप आखूड केला, त्याच्या मागे चौकटीत खाचा दिल्या, मुठीच्या वरचे शेपूट लांबवले. प्रत्येक बदलामागे सैनिकाचा हात आहे : बोट चापापर्यंत नीट पोचत नव्हते, हॅमर (मागचा, आघात करणारा घोडा) मागे येताना अंगठ्याजवळची कातडी चिमटली जात होती. एम १९११ आणि त्याची ही सुधारित आवृत्ती एम १९११ए१ यांची छायाचित्रे शेजारी ठेवून हे फरक स्वतः शोधण्याचा अभ्यास मी प्रत्येक नवागताला आवर्जून सांगतो.

मागणी एकाची आणि लाभ दुसऱ्याचा, असेही घडते. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सने अधिक गोळ्यांचे नवे पिस्तूल मागितले. बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी ब्राउनिंग यांनी काम सुरू केले, १९२६ मध्ये ते वारले आणि द्यूदोने साइव्ह यांनी ते पुरे केले. १९३५ मध्ये तयार झालेल्या या हाय-पॉवरमध्ये तेरा गोळ्या मावत. फ्रान्सने मात्र आपल्यासाठी निराळेच पिस्तूल निवडले. तरीही मॅगझिन काढल्यावर चाप चालू नये ही फ्रेंच अट हाय-पॉवरच्या यंत्रणेत राहूनच गेली, आणि चाप ओढायला जड लागतो ही त्याच्याविषयीची नेहमीची तक्रार तिच्यामुळेच आहे. दुसऱ्या महायुद्धात बेल्जियमचा कारखाना जर्मनांच्या ताब्यात गेला, तेव्हा तिथे ते जर्मन सैन्यासाठी बनत होते आणि कॅनडात इंग्लिस कंपनी तेच पिस्तूल दोस्त राष्ट्रांसाठी बनवत होती. भारतात इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारे ९ मिमीचे पिस्तूलही याच वंशातले.

अट चुकली तर काय होते, याचे उदाहरण एम १९११ च्या जागी अमेरिकी सैन्याने घेतलेल्या बेरेटाच्या एम ९ चे आहे. इराकच्या युद्धात ते अडकते अशा तक्रारी आल्या, तेव्हा दोष बराचसा मॅगझिनमध्ये निघाला. त्यांवर खरखरीत फॉस्फेटचा जाड थर द्यावा असे सैन्याच्याच विनिर्देशात लिहिलेले होते आणि वाळवंटातली बारीक धूळ त्या थराला धरून बसत असे. आधी, १९८० च्या दशकात, काही एम ९ ची स्लाइड गोळीबारात तुटून मागचा तुकडा नेमबाजाच्या चेहऱ्यावर आदळला होता, त्यावर हॅमरच्या खिळीचे डोके मोठे करून तो तुकडा अडवण्याची सोय केली गेली. त्यामुळे एम ९ पाहताना ती खीळ कोणती आहे हे तपासावे. शस्त्र कोणत्या काळातले, याचा अंदाज तिच्यावरून बांधता येतो.

सेफ्टीविषयी तर सैन्यांचे आजही एकमत नाही. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाने स्वीकारलेल्या ग्लॉकवर बाहेरून लावायची सेफ्टी नाही. त्याच्या सुरक्षा-यंत्रणा चापात आणि आतल्या भागांत आहेत. २०१७ मध्ये अमेरिकेने निवडलेल्या सिग साउअरच्या एम १७ वर मात्र अंगठ्याची सेफ्टी मागून घेतलेली आहे. यांतले योग्य कोणते, या वादात नव्या अभ्यासकाने वेळ घालवू नये. पिस्तूल कोणाला दिले जाते, त्याला सरावासाठी किती गोळ्या मिळतात आणि ते भरलेल्या स्थितीत बाळगायचे की रिकामे, हे प्रश्न त्या सैन्याच्या नियमावलीत शोधले की निवडीचे कारण बहुधा तिथेच सापडते.

या अभ्यासातून पुढे वाटा बऱ्याच निघतात : संग्रहालयातील संग्रहपाल, धातूच्या वस्तूंचे जतन, लष्करी अभिलेखागार, न्यायवैद्यक प्रयोगशाळा. कोणत्याही वाटेवर पहिले काम बहुधा नोंदी करण्याचेच असते. एम १७ मध्ये अनुक्रमांक असलेली चापाची यंत्रणा संपूर्ण बाहेर काढून दुसऱ्या मापाच्या मुठीत बसवता येते, आणि जुन्या पिस्तुलांतही दुरुस्तीच्या वेळी स्लाइड व चौकटीची अदलाबदल झालेली असते. म्हणून नोंदवहीत नुसता क्रमांक टिपू नये. तो कोणत्या भागावरून घेतला आणि बाकीच्या भागांवरील खुणा त्याच्याशी जुळतात का, हेही त्याच ओळीत लिहावे.