पाळी अनियमित असेल तर चौदावा दिवस विसरा

पाळी अनियमित असली की दिवस राहत नाहीत, असं अजूनही घरोघरी बोललं जातं. राहतात. माझी पाळी कॉलेजपासून कधी ३१ दिवसांनी, तर कधी ५२ दिवसांनी येते, आणि मला दोन मुलं आहेत. दोन्ही वेळा मी महिनोन्‌महिने नोंदी ठेवल्या. पुढे धाकट्या बहिणीच्या, नणंदेच्या आणि दोन मैत्रिणींच्या नोंदीही शेजारी बसून वाचल्या. जिची पाळी २८ दिवसांची, तिला वर्षात तेरा संधी मिळतात. ४५ दिवसांची असेल तर आठ, आणि तेही प्रत्येक वेळी बीज फुटलं, म्हणजे अंडाशयातून बाहेर पडलं तर. ती संधी नेमकी कधी येते हे शोधणं, हेच आपलं काम. (मूल नको असेल त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: अनियमित पाळीत ‘सुरक्षित दिवस’ नसतात.)

फॉलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, आजपासून. डॉक्टरांना विचारून थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी करून घ्या. नवऱ्याची वीर्यतपासणी त्याच आठवड्यात. त्याआधी २ ते ७ दिवस संबंध नकोत. ‘आधी सुनेच्या सगळ्या तपासण्या होऊ देत, मग बघू’ हे मी कुणाच्याही घरात ऐकून घेत नाही. त्यात बाईचं वर्ष फुकट जातं. आणि तीन-तीन महिने पाळीच येत नसेल तर नोंदी नंतर, आधी डॉक्टर.

नीट रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस, नुसता डाग दिसला तो नव्हे. कॅलेंडरवर गोल करा. मागच्या सहा पाळ्यांमधली अंतरं आठवतील तशी लिहून काढा.

आता जिथे माझं दीड वर्ष गेलं ते सांगते. मला सगळ्यांनी सांगितलं होतं, चौदाव्या दिवशी बीज फुटतं. मोबाइलमधलं अ‍ॅपही तेच दाखवायचं. हा चौदावा दिवस २८ दिवसांच्या पाळीचा आहे. बीज फुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेक बायकांत दोन आठवड्यांच्या आसपास असतो. लांबतो तो त्याच्या आधीचा काळ. माझ्या चार पाळ्या ३१, ४४, ३८ आणि ५२ दिवसांच्या होत्या. म्हणजे बीज साधारण १७व्या, ३०व्या, २४व्या आणि ३८व्या दिवशी फुटलं असणार. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकतात, बीज मात्र जेमतेम एक दिवस. त्या हिशोबाने चारपैकी एकाच पाळीत आमचा चौदावा दिवस उपयोगाचा होता. त्यावर कळस म्हणजे, एका ठिकाणी माझी प्रोजेस्टेरॉनची (बीज फुटल्यावर वाढणाऱ्या संप्रेरकाची) तपासणी २१व्या दिवशी केली आणि आकडा कमी बघून ‘बीज फुटतच नाही’ असं सांगितलं. मी रिक्षात बसून रडले होते. ती तपासणी बीज फुटल्यानंतर साधारण आठवड्याने करायची असते. माझं तेव्हा फुटलंच नव्हतं!

तेव्हा तारखेवर विसंबू नका, अंगावरून काय जातंय ते बघा. तुमच्या सर्वांत छोट्या पाळीतून २० वजा करा. माझ्या बाबतीत ११वा दिवस. तिथून पुढे रोज लघवीला गेल्यावर टिश्यूने पुसून बघायचं. सुरुवातीला कोरडं असतं, मग पांढरं, खळीसारखं चिकट, नंतर मलईसारखं. आणि एके दिवशी कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखं: पारदर्शक, बुळबुळीत, अंगठा आणि तर्जनी लांब केली तरी धागा न तुटणारं. हेच ते दिवस. तो स्राव दिसल्यापासून एक दिवसाआड संबंध ठेवा, रोज जमले तरी चालतील. खाज, दुर्गंधी किंवा दह्यासारखे गोळे असतील तर तो संसर्ग असू शकतो, डॉक्टरांना दाखवून घ्या.

पीसीओडी (संप्रेरकं बिघडून बीज वेळेवर न फुटण्याचा त्रास) असणाऱ्यांची इथे एक फसगत होते. शरीर बीज फोडायचा प्रयत्न करतं, स्राव येतो, दोन दिवसांत आटतो, बीज फुटतच नाही; आठ-दहा दिवसांनी पुन्हा येतो. पहिल्या वेळीच ‘झालं आता’ म्हणून थांबू नका. लघवीत बुडवायच्या एलएच पट्ट्यांचंही तसंच; एलएच म्हणजे बीज फुटायच्या आधी वाढणारं संप्रेरक. पट्टीवरची रेघ शेजारच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद असेल तरच ती धरायची. पीसीओडीत एलएच मुळातच वाढलेलं असू शकतं, त्यामुळे माझ्या पट्ट्या सलग सहा दिवस गडद येत होत्या. मी पैसे घालवले, तुम्ही नुसत्या पट्टीच्या भरवशावर राहू नका.

खात्री होते ती तापमानाने. सकाळी डोळे उघडल्यावर, उठायच्या आधी, बोलायच्याही आधी थर्मामीटर तोंडात. दशांशानंतर दोन आकडे दाखवणारा घ्या. बीज फुटल्यावर तापमान साधारण अर्धा अंश फॅरनहाइट चढतं आणि चढलेलंच राहतं. आधीच्या सहा दिवसांपेक्षा सलग तीन दिवस वर दिसलं, की फुटलं. माझ्या वहीत पहिल्यांदा तसं दिसलं ते ३१व्या दिवशी. ती पायरी मी कितीदा बोट फिरवून पाहिली असेल! पण तापमान सांगतं ते फुटून गेल्यावर, म्हणून संबंधांची वेळ स्रावावरून ठरवायची.

तीन पाळ्या नोंदवूनही तापमान चढलेलं दिसलं नाही, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे काही दिवसांच्या अंतराने सोनोग्राफी करून बीज वाढतंय का ते पाहता येतं आणि लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी अनेकींचं बीज फुटू लागतं. गोळ्या शेजारणीच्या चिठ्ठीवरून घेऊ नका. वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के उतरल्यानेही पाळी सुधारू शकते. ‘वर्षभर प्रयत्न करा, मग या’ हा नियम नियमित पाळीवाल्यांसाठी आहे, आपण थांबायचं नाही.

तापमान चढून १८ दिवस वरच राहिलं, की घरी प्रेग्नन्सी टेस्ट करा. वही ठेवली नसेल तर शेवटच्या संबंधानंतर तीन आठवड्यांनी.

आणि दोन रेघा आल्या तर पहिल्या सोनोग्राफीला वही बरोबर न्या. तिथे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. त्या हिशोबाने मला आठ आठवडे झाले होते आणि पडद्यावर नुसती पिशवी, ठोके नाहीत. खोलीत सगळे गप्प झाले. मी वही उघडून बीज फुटल्याची तारीख दाखवली, ती तारीख चौदावा दिवस धरून मोजलं तर जेमतेम सव्वापाच आठवडे भरत होते. दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं, तेव्हा ठोके दिसले.